अंगावरून तोडताना : मराठी साहित्यातल्या एका रिकाम्या जागेविषयी

गेल्या वैशाखात इंदूरहून लेकीचा फोन आला. नात तेव्हा एकोणीस महिन्यांची होती. लेक म्हणाली, "आई, हिला आता अंगावरून तोडायचं आहे. रात्री चार-चार वेळा उठते आणि मला सकाळी कामावर जायचं असतं. तू मला कसं तोडलंस?" मी काहीतरी थातूरमातूर उत्तर दिले आणि फोन ठेवल्यावर बराच वेळ तशीच बसून राहिले. खरे उत्तर मला ठाऊक होते, पण ते फोनवर सांगण्याजोगे नव्हते.

महूसारख्या छावणीच्या गावात दाराबाहेर पाऊल टाकले की हिंदी आणि माळवी सुरू होते. अशा गावात पस्तीस वर्षे मी मराठी पुस्तके जमवून वाचत आले आहे. काही अडले की पुस्तकांच्या कपाटाकडे जायची माझी जुनी खोड. त्या संध्याकाळीही गेले. आई आणि तान्हे मूल यांच्यावर मराठीत काय थोडे लिहिले गेले आहे? डोहाळे आहेत, पाळणे आहेत, पान्हा तर पानोपानी फुटतो. पण पाजणारी आई एके दिवशी पाजणे थांबवते, त्या दिवसाचे काय? पुस्तके चाळता चाळता रात्र झाली. त्या शोधात हाती जे लागले आणि जे लागले नाही, त्याचाच हा लेख.

आधी शब्दाविषयी. आपण 'अंगावरून तोडणे' म्हणतो, नाहीतर 'दूध तोडणे'. शेजारची हिंदी 'दूध छुड़ाना' म्हणते. इंग्रजीतल्या 'वीन' या क्रियापदाचा मूळ अर्थ 'सवय लावणे' असा आहे. आणि वाग्भटाने 'अष्टांगहृदया'च्या उत्तरस्थानात, बालसंगोपनाच्या पहिल्याच अध्यायात, जे क्रियापद वापरले आहे त्याचा अर्थ 'दूर नेणे', म्हणजे अपनयन. एकाच घटनेकडे पाहण्याच्या या चार नजरा. तोडण्यात झटका आहे. सोडवण्यात पकड आहे, कुणीतरी काहीतरी घट्ट धरून ठेवले आहे. सवय लावण्यात पुढे काय येणार आहे त्याकडे लक्ष आहे. दूर नेण्यात हात धरलेला आहे. दोन भाषांच्या घरात वाढलेल्यांना एवढा लाभ होतो, की एका भाषेचा शब्द तोंडात असताना दुसरीचा शेजारी उभा असतो आणि दोहोंमधली फट दिसते.

'अपनयन' वाचताना साहजिकच 'उपनयन' आठवते. मुंजीत मातृभोजन असते. बटू आईच्या पानात शेवटचे जेवतो, आईचे डोळे भरून येतात, जमलेल्या बायकाही पदर डोळ्यांना लावतात. त्या ताटातुटीला विधी आहे, वाजंत्री आहे, फोटो आहेत. ज्या घरांत मुंज होत असे तिथल्या मुलग्यांपुरतीच ती होती, हे वेगळे सांगायला नको. पहिल्या घासाला उष्टावण आहे. मात्र या दोहोंच्या मधली, प्रत्येक जातीच्या, प्रत्येक घरातल्या, मुलग्याच्या आणि मुलीच्याही वाट्याला येणारी जी पहिली ताटातूट, तिला ना विधी, ना गाणे, ना पंचांगातला मुहूर्त. ती घरातल्या घरात, बहुधा रात्री, उरकून घ्यायची गोष्ट. साहित्यानेही ती तशीच उरकली असावी, असा माझा पहिला समज झाला.

माझ्या घरात ती कशी उरकली, ते आता सांगते, कारण लेकीला दिलेले थातूरमातूर उत्तर अजून माझ्या मनात सलते आहे.

साल १९८७, मे महिना. लेक चौदा महिन्यांची होती. जुलैपासून एका खासगी शाळेत मला नोकरी लागणार होती. सासूबाईंनी आधी नेहमीचा उपाय केला. कडुनिंबाचा पाला वाटून दिला आणि म्हणाल्या, "हे लाव, आपोआप सोडेल." मी लावला. लेकीने तोंड लावले, चेहरा वेडावाकडा केला, माझ्याकडे पाहिले, मग स्वतःच्या झबल्याच्या टोकाने ते पुसून काढले आणि पुन्हा प्यायला लागली. आम्ही दोघी हसलो. हसता हसता सासूबाई म्हणाल्या, "हिला काही दिवस लांबच ठेवायला हवं." चुलतसासूबाईंनी बजावले होते की उन्हाळ्यात तोडू नये, पोरांची पोटे बिघडतात. पण शाळा कुणासाठी थांबणार होती? बुऱ्हाणपूरहून माझी आई आली आणि तिला घेऊन गेली. तेव्हा महूहून मीटरगेजची गाडी पातालपाणी-कालाकुंडच्या घाटातून खांडव्याला उतरायची. गाडी सुटताना लेक आजीच्या कडेवरून मला हात हलवत होती. तिला वाटले असेल, फिरायला निघालो.

तिसऱ्या दिवशी माझ्या छातीचे दगड झाले, अंगात ताप भरला. शेजारी फौजेतल्या एका तमिळ हवालदाराचे बिऱ्हाड होते. त्यांची बायको मोगऱ्याच्या कळ्यांचे गजरे घेऊन आली आणि खुणेने, मोडक्या हिंदीत, ते चोळीच्या आत बांधायला सांगून गेली. त्यांच्याकडे असेच करतात, म्हणाली. पुढे कधीतरी वाचनात आले, की वेलूरच्या डॉक्टरांनी १९८८ साली या उपायाचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. त्यांनी मोगऱ्याची फुले आणि दूध आटवण्याची गोळी यांची तुलना केली होती आणि फुलांनीही दूध आटते असे त्यांना आढळले होते. आपल्या कवितेत मोगरा किती ठिकाणी येतो! अंगणात येतो, वेणीत येतो, प्रियकराच्या ओंजळीत येतो. ठणकणाऱ्या छातीवर बांधलेला, दुधाने ओला झालेला आणि तासाभरात पिवळा पडलेला मोगरा मात्र मला कुठल्याच कवितेत भेटला नाही.

आठ दिवसांनी लेक परत आली. दारात आजीच्या कडेवरून माझ्याकडे आली नाही. दुपारभर आजीच्या मागे मागे फिरली. रात्री माझ्याजवळ निजली तेव्हा तिने एकदा माझ्या छातीवर हात ठेवला, काढला, आणि कूस बदलून झोपी गेली. तिने मागितले नाही. ती रडली असती तर मला सोपे गेले असते.

आता साहित्याकडे वळू. दूध पाजण्याविषयीची मराठीतली सर्वांत प्रसिद्ध गोष्ट कोणती, असे विचारले तर कुणीही हिरकणीचे नाव घेईल. कोजागरीच्या दिवशी रायगडावर दूध घालायला गेलेली गवळण, मावळतीला बंद झालेले दरवाजे, खाली घरी भुकेले तान्हे, आणि काळोखात कड्यावरून उतरलेली आई. शाळेच्या पुस्तकांतून, पोवाड्यांतून, २०१९ च्या चित्रपटातून ही कथा आपण पुन्हा पुन्हा सांगत आलो. एस. टी. महामंडळाने आपल्या गाड्यांना तिचे नाव दिले. महाराष्ट्रात बसस्थानकांवर आणि सरकारी कचेऱ्यांत बाळाला पाजण्यासाठी जी खोली असते तिला 'हिरकणी कक्ष' म्हणतात. लोककथेतल्या बाईचे नाव इतक्या उपयोगी ठिकाणी लागावे याचा मला आनंदच आहे.

पण कथा म्हणून तिच्याकडे पाहिले की एक गोष्ट जाणवते. ती कड्याच्या पायथ्याशी संपते. आई घरी पोचली, बाळ प्यायले, राजाने बुरूज बांधला, झाले. त्याच हिरकणीला वर्ष-दीड वर्षाने ते बाळ तोडावे लागले असेल. कड्यावरून उतरण्याइतकेच धैर्य तिला त्या रात्रीही लागले असेल, पण त्याला बुरूज नाही. आईने धावत यावे हे आपल्या कथेला हवे आहे. आईने 'आता नाही' म्हणावे, हे तिला पेलत नाही. मूल भुकेले असताना आई दूर असणे हे संकट, म्हणून त्याची कथा होते. मूल जवळ असताना, छातीत दूध असताना, आईने नाही म्हणणे ही त्याहून अवघड गोष्ट आहे. तिच्यात खलनायक नाही, बंद दरवाजा नाही. दरवाजा बंद करणारी तीच आहे.

संतांनी विठ्ठलाला आई केले, ज्ञानदेवांना आपण माउली म्हणतो. भक्त हे लेकरू. या नात्यात तोडणे येऊच शकत नाही, कारण कधीही नाही न म्हणणारी आई हेच तर देवाचे लक्षण. त्याबद्दल संतांना दोष देण्यात अर्थ नाही. पण त्यांच्याच वाङ्मयात एक दुसरी आई वारंवार येते, तिच्याकडे आपले पुरेसे लक्ष गेलेले नाही असे मला वाटते. ती म्हणजे कासवी. कासवीला पान्हा नाही. ती पिलांना नुसत्या दृष्टीने वाढवते, अशी ती जुनी कल्पना. प्राणिशास्त्राला ती मान्य होणार नाही. पण दूध तोडलेल्या आईचे याहून नेमके चित्र मला दुसरे सापडले नाही. दूध गेले, आता नजरेवर वाढवायचे. मी १९८७ च्या त्या रात्री अंधारात लेकीच्या पाठीकडे पाहत होते तेव्हा मला कासवी आठवली असती तर थोडे बरे वाटले असते.

मग ही जागा रिकामी का राहिली? माझे उत्तर असे, की आईविषयीचे आपले बहुतेक लेखन लेकरांनी केले आहे. १९३५ ची 'श्यामची आई' हे त्यातले सर्वांत लाडके उदाहरण. लेकराला पान्हाही आठवत नाही आणि तोडणेही आठवत नाही. पान्ह्याची तो पुढे कल्पना करू शकतो, कारण ती गोड आहे. तोडण्याची कल्पना करावीशी वाटत नाही. जिला ते आठवते तिच्या हातात लेखणी नव्हती, आणि ज्यांच्या हाती आली त्यांना हा विषय लिहिण्याजोगा वाटला नाही. स्वयंपाकघरातले आणि बाळंतिणीच्या खोलीतले ते 'लेखनाचे विषय' नव्हेत, हे आमच्या पिढीलाही शिकवलेलेच होते.

या विधानाची परीक्षा माझ्याच गावात करता येते. १४ एप्रिल १८९१ रोजी महूच्या छावणीत, काळी पलटण भागात, सुभेदार रामजी सकपाळ आणि भीमाबाई यांच्या पोटी चौदावे अपत्य जन्मले. त्या जागी आज स्मारक आहे, गावाचे अधिकृत नावही २००३ पासून डॉ. आंबेडकर नगर आहे. दर एप्रिलला इथे लाखोंची गर्दी होते. त्यात पदराआड लेकरू घेतलेल्या कितीतरी आया असतात, महाराष्ट्रातून आलेल्या. चांगदेव खैरमोडे यांच्या मराठी चरित्राचा पहिला खंड १९५२ चा, धनंजय कीर यांचे इंग्रजी चरित्र १९५४ चे. दोन्ही मोठ्या कष्टाने लिहिलेली, दोघांचेही ऋण मोठे. रामजींची नोकरी, त्यांची शिस्त, घरातली भक्तिपर वाचने यांचे चित्र त्यांत मिळते. भीमाबाई मात्र मुख्यतः दोन आकड्यांत उरतात. एक चौदा, आणि दुसरा १८९६, साताऱ्यातल्या त्यांच्या मृत्यूचे वर्ष.

चौदा हा आकडा चरित्रकार कुटुंबाचा विस्तार सांगायला देतो. पाजलेल्या बाईने तो वाचला तर तिला निराळेच दिसते. चौदा बाळंतपणे म्हणजे एकामागून एक येणाऱ्या बाळांसाठी आधीचे अंगावरून उतरवणे. आणि त्यांपैकी तीन मुलगे आणि दोन मुलीच पुढे जगल्या, म्हणजे किती वेळा दूध असून पिणारे उरले नसेल! शेंडेफळाला ढकलणारे मागून कुणी येत नाही, म्हणून ते जास्त दिवस पिते, असा घरोघरचा अनुभव. रामजी निवृत्त होऊन कुटुंबाने महू सोडले तेव्हा भीम दोन-अडीच वर्षांचा होता. तो या गावात असतानाच अंगावरून तुटला असेल का? चरित्राने हे सांगावे असा माझा हट्ट नाही. कागदपत्रांत ते सापडणारही नाही. पण ते ठाऊक नाही याची रुखरुखही त्या पानांत दिसत नाही, एवढेच म्हणायचे आहे. पुढे आई गेली आणि आत्या मीराबाईंनी सांभाळले. पाच वर्षांच्या मुलाची ती दुसरी, कायमची ताटातूट. तिच्याविषयी चरित्रे बोलतात, कारण ती मुलाच्या आठवणीत होती.

गंमत अशी, की ज्याच्या चरित्रात ही जागा रिकामी आहे त्याने स्वतः मात्र या विषयाला कायद्याच्या भाषेत जागा दिली. १९२८ साली मुंबई विधिमंडळात प्रसूती-लाभाच्या विधेयकावर बोलताना डॉ. आंबेडकरांनी म्हटले होते, की बाळंतपणाआधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्याच हिताचे आहे. १९२९ मध्ये मुंबई प्रांताचा तो कायदा झाला. पुढे १९६१ च्या केंद्रीय कायद्याने कामावर परतलेल्या आईला मूल पंधरा महिन्यांचे होईपर्यंत पाजण्यासाठी दिवसातून दोन वेळा मोकळीक दिली, आणि २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेनेही ती पंधरा महिन्यांची मर्यादा कायम ठेवली. कायद्यातले हे कोरडे कलम मी पहिल्यांदा वाचले तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आले. माझी लेक चौदा महिन्यांची होती. मी जिथे नोकरीला लागले तिथे अशी मोकळीक मागता येते हे कुणाच्या स्वप्नातही नव्हते, माझ्याही नाही.

बाईच्या हातात लेखणी आली की काय बदलते, हे बेबी कांबळे यांच्या 'जिणं आमुचं'मध्ये (१९८६) दिसते. तिथे बाळंतपण येते तेव्हा पान्ह्याआधी बाळंतिणीची भूक येते. घरात दाणा नाही आणि ओली बाळंतीण उपाशी, हे वास्तव समोर ठेवल्यावर 'अमृत', 'क्षीरसागर' असले शब्द लिहिणाऱ्याच्या हातातून गळून पडतात. दूध कशापासून होते, हा प्रश्न आधी पडतो. मध्यमवर्गीय आईला कधी तोडावे याची निवड असते. उपाशी आईच्या बाबतीत ती निवड भूकच करून टाकते. हे पुस्तक तोडण्याविषयी नाही, पण तोडण्याविषयी कुणी लिहील तर त्याला या पुस्तकावरून जावे लागेल.

आणि एक ग्रंथ असा आहे की ज्याला साहित्य कुणी म्हणणार नाही, पण ज्याने ही रिकामी जागा सर्वांत आधी पाहिली. तो म्हणजे मघाचा वाग्भट. गर्दे यांच्या 'सार्थ वाग्भटा'ची जाड प्रत पूर्वी पुष्कळ मराठी घरांत असे, आमच्याकडे ती आजेसासऱ्यांपासून आहे. वाग्भट सांगतो, की दात आल्यावर मुलाला क्रमाक्रमाने स्तनापासून दूर न्यावे, वरचे दूध आणि हलके पण पोषक अन्न द्यावे. तुटलेल्या मुलासाठी त्याच्याकडे एक स्वतंत्र शब्द आहे, 'अपस्तन', आणि त्या मुलाचे मन रमावे म्हणून एक मोदक आहे : चारोळी, ज्येष्ठमध, मध, लाह्या आणि खडीसाखरेचा. (एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध देऊ नये, असे आजचे डॉक्टर सांगतात, ते ध्यानात ठेवावे.) त्या मोदकाला तो 'प्रसन्न करणारा' म्हणतो. पोट भरणारे अन्न वेगळे सांगून झाल्यावर मन भरणारे वेगळे सांगावे, ही नजर वैद्याची तर आहेच, पण मला ती कवीचीही वाटते. आजचे वैद्यकही फारसे निराळे सांगत नाही : पहिले सहा महिने फक्त आईचे दूध, मग जोडीला अन्न, आणि दूध दोन वर्षांपर्यंत किंवा हवे तर त्यापुढेही.

घाईने तोडण्याचे भय आयुर्वेदाने ओळखले होते. आई पुन्हा गरोदर राहिली की अंगावरच्या मुलाला होणाऱ्या रोडपणाला तिथे 'पारिगर्भिक' म्हणतात. १९३३ साली सिसिली विल्यम्स या डॉक्टरीणबाईंनी आफ्रिकेतल्या गोल्ड कोस्टमध्ये, म्हणजे आजच्या घानात, कुपोषणाचा एक आजार नोंदवला आणि पुढे त्याला तिथल्या बायांचाच शब्द दिला, 'क्वाशिओरकोर'. नवे बाळ आले की उतरवल्या गेलेल्या मुलाचा आजार, असा त्याचा अर्थ. दोन खंडांतल्या बायांनी एकच गोष्ट पाहिली आणि तिला नाव दिले. नाव देणे हे साहित्याचे पहिले काम, आणि ते इथे सुईणींनी, वैद्यांनी, आजारी मुलांच्या आयांनी केले.

इथपर्यंत लिहून मी लेख संपवणार होते. रिकामी जागा दाखवली, कारण सांगितले, झाले. पण पुढच्याच आठवड्यात नात चार दिवस माझ्याकडे राहायला आली आणि माझी चूक माझ्या लक्षात आली.

तिला दूधभात भरवत होते. दोन घासांनंतर तिने तोंड मिटले. माझ्या तोंडून आपोआप सुरू झाले, हा घास चिऊचा, हा काऊचा. आणि मग चिऊ-काऊची गोष्ट. मेणाचे घर, शेणाचे घर, मोठा पाऊस, वाहून गेलेले घर, आणि चिऊच्या दाराशी भिजत उभा असलेला काऊ. तो दार उघड म्हणतो आणि चिऊ त्याला थांबवत राहते. आधी बाळाला न्हाऊ घालायचे आहे, मग पुसायचे आहे, मग तीट लावायची आहे. ही गोष्ट मी आयुष्यात हजार वेळा ऐकली, सांगितली. त्या दिवशी पहिल्यांदा ती नीट ऐकली. हे दार कुणाचे आहे? आत ऊब आहे, आत बाळाचे लाड चालले आहेत, बाहेर एकजण उभा आहे आणि त्याला पुन्हा पुन्हा एकच शब्द ऐकू येतो, 'थांब'. ही गोष्ट आपण मुलांना नेमकी केव्हा सांगतो? अंगावरचे सुटत असते आणि घास सुरू झालेले असतात तेव्हा. नुकत्याच बंद झालेल्या दारासमोर उभ्या असलेल्या श्रोत्याला आपण बंद दाराची गोष्ट सांगतो, आणि ती सांगता सांगता त्याच्या तोंडात घास घालतो. आईच्या पहिल्या नकाराविषयीचे साहित्य मराठीत नाही, असे मी म्हणत होते. ते होते. छापलेले नव्हते, एवढेच. ज्यांच्या हाती लेखणी नव्हती त्यांनी ते भातासोबत कालवून ठेवले होते. समीक्षक म्हणून मी कपाटात शोधत राहिले आणि ते स्वयंपाकघरात होते.

पाजताना कुणी गोष्ट सांगत नाही. दुधाला गोष्ट लागत नाही, ते मुलाला नुसते मिळते. घासाला मात्र गोष्ट लागते. तोंड मिटलेल्या मुलाला ते उघडायला लावायचे तर शब्द खर्चावे लागतात. मग मला आपल्या सभा-संमेलनांतून नेहमी ऐकू येणारी ती उपमा आठवली : मातृभाषा म्हणजे आईचे दूध. आपल्यासारख्या, दोन भाषांच्या सीमेवर राहणाऱ्या लोकांसमोर तर ती दर वर्षी कुणीतरी ठेवतेच. मीही शाळेच्या कार्यक्रमांत ती वापरली आहे. आता वाटते, ही उपमा वापरणाऱ्यांनी मूल तोडलेले नसावे. भाषा दूध असेल तर ती एक दिवस सुटणारच, आणि सुटणे योग्यच ठरेल. मुले हिंदी शाळेत गेली, मग इंग्रजी शाळेत गेली, मराठी आपोआप आटली, यात तक्रार करायला मग जागाच उरत नाही. आपल्या जिल्ह्यांतल्या कितीतरी घरांत हेच झाले. आईबापांनी मराठी अंगावरच्या दुधासारखी धरली, ती आपोआप मिळत राहील असे मानले, आणि मूल मोठे झाले तशी ती सुटून गेली. कुणी मुद्दाम तोडली नाही.

मला वाटते भाषा घासासारखी आहे. ती भरवावी लागते, रोज, एकेक घास, तोंड मिटले की गोष्ट सांगून. शेजारी दुसऱ्या भाषेचे ताट असले तरी काही बिघडत नाही. मूल दोन्ही ताटांत जेवते. माझे जावई हिंदीभाषक आहेत, ते हीच गोष्ट चिड़िया आणि कौए यांची करून सांगतात, आणि फार छान सांगतात. माझ्या लेकीला बुऱ्हाणपूरच्या त्या आठ दिवसांत माझ्या आईने काय भरवले आणि कोणत्या गोष्टी सांगितल्या, ते मी आईला कधी विचारले नाही. आता विचारायला ती नाही. पण परत आल्यावर लेक जेवायला बसली की 'चिऊ' म्हणायची, हे मला आठवते. त्या आठ दिवसांत माझ्यापासून तोडलेल्या मुलीला माझ्या आईने मराठी भरवली होती.

नातीचे तोडणे तीन आठवडे चालले. आधी दुपारचे सुटले, मग संध्याकाळचे, रात्रीचे सर्वांत शेवटी. रात्री उठली की तिचे बाबा तिला खांद्यावर घेऊन फिरत. कडुनिंब आणला नाही, कुणाच्या गावी पाठवली नाही. ते पूर्ण झाल्यावर मी लेकीला १९८७ ची सगळी हकीकत सांगितली, मीटरगेजची गाडी, मोगरा, तो छातीवर ठेवलेला हात. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "आई, मला यातलं काहीच आठवत नाही गं." मी म्हटले, "म्हणूनच मी लिहिते आहे."

परवा नात पुन्हा आली होती. मी घास पुढे केला, तिने तोंड मिटले. मी गोष्ट सुरू करणार तेवढ्यात तिने हात वर केला आणि चिऊच्या थाटात मला म्हणाली, "थांब!" मी घास हातात धरून थांबले.